भोवरा जागच्या जागी फिरतो, मग पाणी नेतो कसा?

साताऱ्याहून एका मुलीने प्रश्न विचारलाय, बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थोडक्यात असा: "मॅडम, खोल समुद्रातले भोवरे एका समुद्राचं पाणी उचलून हजार-हजार किलोमीटर लांब नेऊन टाकतात असं वाचलं. पण मी संगम माहुलीला नदीत भोवरे बघितलेत, ते एकाच जागी गरगर फिरतात आणि सापडेल ते खाली ओढतात. मग हे प्रवास कसे करतात? आणि किलोमीटरभर खोल वारा नाही काही नाही, तिथं त्यांना फिरवतं कोण? वाटेत ते पाणी आजूबाजूच्या पाण्यात मिसळून का जात नाही?"

प्रश्न एक नंबर आहे, कारण माझी स्वतःची पण गाडी बरीच वर्षं इथंच अडायची. मी सांगलीच्या गावभागातली. पोहायला कृष्णेत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आमची मोठी माणसं सांगायची की भोवऱ्यात सापडलीस तर त्याच्याशी भांडू नको, बुडी मार आणि तळाकडनं बाजूला निघ (हे कुणी करून बघू नका, मी पण कधी बघितलं नाही). पुढं पंचवीसेक वर्षं समुद्राच्या पाण्याची क्षारता मोजण्यात गेली, तरी कुणी 'एडी' (भोवऱ्याला इंग्रजीत हेच म्हणतात) म्हटलं की डोळ्यापुढं यायचा तो आयर्विन पुलाच्या खांबामागचा भोवराच. ते चित्र आधी पुसून टाक. दोघांचं नाव एक आहे पण कूळ वेगळं.

नदीतला भोवरा असतो दोन-चार मीटरचा, काही सेकंदात त्याची एक फेरी होते, आकार नरसाळ्यासारखा उभा. खांब किंवा खडक आहे म्हणून तो आहे, आणि खांब हलत नाही म्हणून तो पण हलत नाही, आतलं पाणी मात्र सारखं बदलत असतं. समुद्रातला भोवरा ५० ते २०० किलोमीटर रुंद, त्याची एक फेरी व्हायला काही दिवस लागतात आणि तो उभा अजिबात नसतो, आडवा पसरलेला असतो. खोल पाण्यातला एक टिपिकल भोवरा घे, ६० किलोमीटर रुंद आणि ८०० मीटर जाड. हेच प्रमाण ठेवून वीतभर रुंदीची ज्वारीची भाकरी थापलीस तर तिची जाडी होईल तीन मिलिमीटर. म्हणजे खरोखरच भाकरी. किलोमीटरभर खोल पाण्यात ही भाकरी तरंगत, सावकाश फिरत चाललेली असते. खाली ओढणं वगैरे प्रकार तिथं नाही, असलं तर दिवसाला काही मीटर, कुणाला कळणार पण नाही.

आता फिरवतं कोण. फिजिक्सची आहेस म्हणून सांगते, हा सगळा खेळ पृथ्वीच्या फिरण्याचा आहे. भाकरीच्या मधोमध दाब आजूबाजूपेक्षा थोडा जास्त असतो. जास्त दाबाचं पाणी बाहेर पसरायला बघणार, बरोबर? ते बाहेर निघालं की पृथ्वीच्या फिरण्यामुळं उत्तर गोलार्धात उजवीकडं वळतं, आणि वळता वळता बाहेर जायचं सोडून गोल फिरायलाच लागतं. बाहेर ढकलणारा दाब आणि आत वळवणारा कोरिऑलिस (पृथ्वीच्या फिरण्यामुळं येणाऱ्या या वळवणाऱ्या जोराचं नाव), दोघांची बरोबरी झाली की भोवरा तयार, आणि ही बरोबरी महिनोनमहिने टिकते, कधी कधी वर्ष-दोन वर्षं. नदीतल्या भोवऱ्याची फेरीच इतकी पटकन होते की पृथ्वीला मध्ये बोलायला वेळच मिळत नाही. त्यामुळं बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात अमुक दिशेनेच फिरतं वगैरे जे व्हॉट्सॲपवर येतं ते सोडून दे.

पण भोवरा मुळात जन्मतो कुठून हे जास्त मजेदार आहे, त्यासाठी भूमध्य समुद्राचंच उदाहरण घेते कारण त्याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय. भूमध्य समुद्रात पाऊस आणि नद्या मिळून जेवढं पाणी येतं त्यापेक्षा बाष्प होऊन जास्त उडून जातं, त्यामुळं तिथलं पाणी खारट, लिटरमागे ३८ ग्रॅमच्या वर मीठ. अटलांटिकचं ३५-३६. हे जड पाणी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून तळाकडनं बाहेर पडतं. तिथला उंबरा आहे जेमतेम ३०० मीटर खोल, तो ओलांडला की ते उतारावरनं खाली घसरत जातं. घसरताना आजूबाजूचं हलकं पाणी ओढून घेतं आणि सौम्य होतं, आणि साधारण १००० मीटरला त्याची घनता शेजाऱ्यांइतकी झाली की थांबतं. ना वर जाता येत ना खाली. मग पोर्तुगालच्या किनाऱ्याचा उतार धरून पाटासारखं वाहत निघतं.

आणि मग येतं वळण. पोर्तुगालच्या नैऋत्य टोकाला केप सेंट व्हिन्सेंट म्हणून भूशिर आहे, तिथं किनारा एकदम वळतो. सीझनला उसाचे ट्रॅक्टर बघितले असशील, डबल ट्रॉली, वरपर्यंत खचाखच भरलेल्या. सरळ रस्त्याला काही होत नाही. गावातल्या काटकोनी वळणावर आला की एखादी मोळी निसटून पडतीच. तसंच इथं होतं, प्रवाहाला तेवढं आवळून वळता येत नाही, त्याचा एक तुकडा सुटतो, गोल होतो आणि स्वतःच्या वाटेनं अटलांटिकमध्ये निघून जातो. या तुकड्याला 'मेडी' म्हणतात, मेडिटेरेनियनवरनं. असे वर्षाला साधारण १७ सुटतात असा एक अंदाज २००० साली मांडला गेला होता, आणि कुठल्याही क्षणी पूर्व अटलांटिकमध्ये पंचवीस-तीस मेडी फिरत असणार.

किती पाणी असतं एकात? वरचीच भाकरी घे, कडेला पातळ होत जाणारी, म्हणजे भिंगासारखी. हिशोब केला तर साधारण १५०० घन किलोमीटर येतं. आपलं कोयना धरण पूर्ण भरलं की १०५ टीएमसी, म्हणजे ३ घन किलोमीटरच्या आसपास. एका मेडीत ५०० कोयना. आणि त्यातलं पाणी शेजारच्या पाण्यापेक्षा लिटरमागे सरासरी अर्धा ग्रॅम जास्त खारट धरलं तरी जादा मीठ निघतं ७५ कोटी टन. ही एक मोळी. मी पहिल्यांदा हा हिशोब कागदावर केला तेव्हा शून्य चुकलं असं वाटून तीनदा केला होता.

तुझा मिसळण्याचा प्रश्न. आजीकडं जातं असेल तर बघ. जात्याचा वरचा दगड फिरतो तेव्हा त्यावर पडलेले दोन दाणे एकमेकांपासनं जेवढ्या अंतरावर आहेत तेवढ्याच अंतरावर राहतात, कारण सगळा दगड एकत्र फिरतोय. मेडीचा गाभा तसाच फिरतो, चार-सहा दिवसांत एक फेरी, सगळं पाणी एकाच लयीत. पाणी एकमेकांवर घासत नाही तर मिसळणार कसं? वर आणि खाली वेगळ्या घनतेचे थर आहेत, ते पण वरखाली होऊ देत नाहीत. मिसळणं होतं ते कडेला, जिथं फिरणारं पाणी संपतं आणि थांबलेलं सुरू होतं तिथं. म्हणजे भोवरा बाहेरनं आत कुरतडला जातो, उंदराने भाकरी कडेनं खावी तसा, गाभा बराच काळ जशाच्या तसा.

हे नुसतं थिअरीतलं नाही. १९८४ ला अमेरिकन संशोधकांना कॅनरी बेसिनमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या वायव्येकडच्या अटलांटिकमध्ये, एक मेडी सापडला, त्याला त्यांनी 'शेरॉन' नाव ठेवलं आणि त्याच्यात फ्लोट (ठरलेल्या खोलीवर तरंगत पाण्याबरोबर जाणारं यंत्र) सोडून दोन वर्षं त्याचा पाठलाग केला, चार वेळा जहाज नेऊन आडवा-उभा मोजला. पहिल्या वर्षात गाभ्याचं पाणी जवळपास तसंच राहिलं, कडा मात्र झिजत आल्या. दोन वर्षांत तो ११०० किलोमीटर दक्षिणेला गेला. म्हणजे दिवसाला दीड किलोमीटर. सांगलीहून मिरजेला जायला आठवडा लावणारा गडी, पण पाठीवर ओझं बघ केवढं.

आता एक बारीक गोष्ट, पण इथंच भलेभले फसतात. वाऱ्यावर ज्वारीचं शेत डुलताना बघितलंस ना, लाट या बांधापासनं त्या बांधापर्यंत जाते पण एक ताट पण जागा सोडत नाही. समुद्रात पण असं होऊ शकतं, भोवऱ्याचा आकार पुढं जातो आणि पाणी मागंच राहतं. मग खरंच पाणी जातंय हे ओळखायचं कसं? साधी कसोटी आहे: फिरण्याचा वेग आणि पुढं सरकण्याचा वेग यांची तुलना कर. मेडीच्या कडेला पाणी सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटरनं फिरतं आणि अख्खा मेडी सरकतो सेकंदाला दोन सेंटिमीटरनं. आतल्या पाण्याला बाहेर पडायची संधीच नाही, बाहेर पडायच्या आत ते फिरून परत आलेलं असतं. उलटं असतं, म्हणजे सरकणं जास्त आणि फिरणं कमी, तर ती ज्वारीची लाट समजायची.

सरकतो का, तर दोन-तीन कारणं. आजूबाजूचा संथ प्रवाह वाहून नेतो, शेजारचे भोवरे ढकलतात, आणि भोवरा एवढा मोठा असतो की त्याच्या उत्तरेकडच्या कडेला कोरिऑलिस जास्त आणि दक्षिणेकडच्या कडेला कमी बसतो, या फरकामुळं तो हळूहळू पश्चिमेला ढळतो. जगभरचे बहुतेक मोठे भोवरे पश्चिमेलाच जातात.

मेडीच्या शोधाची एक गोष्ट सांगायची राहिली, माझी फार आवडती. १९७६ ला बहामाजवळ, म्हणजे अटलांटिकच्या पार पलीकडच्या काठाला, एक खारट-उबदार भोवरा सापडला. मॅकडॉवेल आणि रॉस्बी या दोघांनी १९७८ ला पेपर काढला की हे पाणी भूमध्य समुद्राचं, ६००० किलोमीटर प्रवास करून आलेलं. सगळीकडं खळबळ. त्याच्यामुळंच लोक मेडी शोधायला लागले आणि पूर्व अटलांटिकमध्ये ते ढिगानं सापडले. आणि मग १९९९ ला त्याच रॉस्बींनी प्रेटर यांच्यासोबत दुसरा पेपर लिहिला की बहामाजवळचा तो पहिला भोवरा बहुधा भूमध्यचा नव्हताच, तो उत्तर अटलांटिकच्या वायव्य कोपऱ्यात, न्यूफाउंडलंडच्या बाजूला तयार झालेला असावा. म्हणजे ज्याच्यावरनं अख्ख्या जातीला नाव पडलं तोच त्या जातीचा निघाला नाही. वीस वर्षांनी स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या शोधावर स्वतः फुली मारायला छाती लागते, आपल्याकडं किती जण करतील मला शंका आहे.

त्याच्याही मागं जायचं तर १९५० च्या दशकापर्यंत सगळ्यांना वाटायचं की खोल समुद्र म्हणजे संथ, एका दिशेनं मुंगीच्या पावलानं सरकणारं पाणी. जॉन स्वॅलो नावाच्या इंग्रज माणसाने बांधकामाच्या परांचीला वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून फ्लोट बनवले, ठरलेल्या खोलीवर तरंगत राहणारे आणि आवाज करणारे. १९५९-६० ला बर्म्युडाजवळ एरीज नावाच्या यॉटवरनं ते सोडले. अपेक्षा अशी की महिनाभर सावकाश एकीकडं जातील आणि आपण निवांत मागं मागं जाऊ. फ्लोट अंदाजाच्या दहापट वेगानं सुटले, एक इकडं, एक तिकडं, शेजारी शेजारी सोडलेले पण वेगळ्या दिशांना. खोल पाण्यात भोवरेच भोवरे आहेत हे असं कळलं.

वारा नसताना खोलात एवढी ताकद येते कुठून, तर त्याचं उत्तर कलत्या थरांत आहे. समुद्रात जड पाण्याचे थर आडवे सपाट असते तर काही झालं नसतं. पण वारा वर ढकलतो, थंडी-उन्हाचा फरक पडतो, थर तिरके होतात. तिरका थर म्हणजे तिरकी ठेवलेली पोत्यांची थप्पी, कधीतरी घसरून सपाट व्हायला टपलेली. ती सपाट होताना जी ऊर्जा सुटते ती भोवऱ्यांत जाते, याला बॅरोक्लिनिक इन्स्टॅबिलिटी म्हणतात, तुला तिसऱ्या वर्षाला नसेल पण एमएस्सीला ओशनोग्राफी घेतलीस तर पहिल्याच सेमिस्टरला डोकं खाईल. शिवाय वरचे भोवरे पण खालपर्यंत पोचतात. पूर्व पॅसिफिकमध्ये मेक्सिकोच्या तेहुआन्तेपेक आखातातनं डोंगरांच्या फटीतला वारा समुद्रावर आदळून भोवरे तयार होतात, आणि २०११ ला असं दाखवलं गेलं की त्यांचा परिणाम २५०० मीटर खालच्या गरम झऱ्यांपर्यंत जातो, तिथल्या जीवांची पिल्लं आणि झऱ्यातली रसायनं ते भोवरे उचलून लांब नेतात. वर वारा सुटला आणि अडीच किलोमीटर खाली कुणाचा तरी संसार दुसऱ्या गावी गेला!

आता आपल्या अरबी समुद्राकडं येते, कारण माझं सगळं आयुष्य तिथं गेलं. भूमध्यसारखीच दोन खारट भांडी आपल्याला लागून आहेत, इराणचं आखात आणि तांबडा समुद्र. आखाताचं पाणी होर्मुझमधनं येतं आणि अरबी समुद्रात साधारण २०० ते ३५० मीटरला पसरतं. तांबड्या समुद्राचं बाब-एल-मांदेबचा उथळ उंबरा ओलांडून एडनच्या आखातात पडतं आणि आणखी खाली, ४०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात जातं. २००१ ला अमेरिकन संशोधकांनी एडनच्या आखातात दोन मोसमांत जाऊन हे मोजलं तेव्हा दिसलं की तिथं एका मागोमाग एक मोठाले भोवरे, जवळजवळ तळापर्यंत पोचणारे, आणि तांबड्या समुद्राचं पाणी बाहेर कधी आणि कुठल्या बाजूनं जाणार हे तेच ठरवतात. सामुद्रधुनीतनं पाणी आलं म्हणजे ते सरळ अरबी समुद्रात वाहत गेलं असं नाही, आखातातल्या आखातात घुसळलं जातं, मग जातं.

मी एकदा असा एक भोवरा हातातनं घालवलाय. जहाज आणि ऑफिस कुठलं ते जाऊ दे. जानेवारी महिना, ओमानच्या बाजूनं आपल्याकडं येत होतो, माझी रात्री बारा ते चारची पाळी. सीटीडी म्हणजे तापमान, क्षारता, खोली मोजणारं यंत्र, भोवती पाण्याच्या बाटल्यांचं कडं, सगळं मिळून विंचवरनं समुद्रात सोडायचं. स्क्रीनवर क्षारतेची रेघ खाली खाली जाताना ३०० मीटरच्या आसपास थोडी फुगते, ते आखाताचं पाणी, प्रत्येक स्टेशनला दिसायचं, इवलासा फुगवटा. त्या रात्री तो फुगवटा चांगला ढेरीसारखा बाहेर आला. विंचवरचे काका कोकणातले, ते पण स्क्रीनकडं बघून म्हणाले, "मॅडम, ह्या काय झाला?" मी साहेबांना उठवलं. ते म्हणाले सेन्सरमध्ये जेलीफिश अडकला असेल, फ्लश करा आणि पुढच्या स्टेशनला चला.

पण मला खात्री होती, कारण फुगवटा क्षारतेलाच नव्हता, तापमानालाही त्याच खोलीला होता, आणि ऑक्सिजनही तिथं थोडा वर गेला होता. अरबी समुद्रात त्या खोलीला ऑक्सिजन जवळपास नसतोच, आखाताचं पाणी आपल्यासोबत थोडा घेऊन येतं. तीन वेगळे सेन्सर एकाच खोलीला एकाच वेळी बिघडत नाहीत. सेन्सर बिघडला की एकटा बिघडतो, ही गोष्ट लक्षात ठेव, पुढं उपयोगी पडेल. मी ३०० मीटरची बाटली मिटवून नमुना घेतला. खारटपणा लॅबमध्ये मोजायचा तर बाटली दिवसभर लॅबच्या तापमानाला ठेवावी लागते, नाहीतर आकडा हलतो. दुसऱ्या रात्री मोजला, सीटीडीचा आकडा आणि बाटलीचा आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत जुळला. तोपर्यंत आम्ही दोनशे किलोमीटर पुढं आलो होतो. पुढच्या दोन्ही स्टेशनांना फुगवटा परत इवलासा. म्हणजे आम्ही बरोबर एका भिंगाच्या पोटातनं गेलो होतो, आणि परत फिरून त्याला आडवा-उभा मोजला असता तर मस्त पेपर झाला असता. जहाजाचा एक दिवस लाखांत जातो म्हणून कुणी मागं वळेना. एका स्टेशनवरनं भोवरा सिद्ध होत नाही. तो डेटा अजून माझ्या एका हार्डडिस्कवर आहे, नुसताच.

आता मात्र थोडं तुझ्या प्रश्नाच्या विरुद्ध बोलते. भोवरा म्हणजे मोट, भरून घ्यायची आणि तिकडं नेऊन ओतायची, हे चित्र इतकं छान आहे की लोक त्याच्या प्रेमात पडतात. २०१४ ला 'सायन्स' मासिकात एक पेपर आला की असे भोवरे जगभर मिळून पश्चिमेला ३० ते ४० स्वेरड्रुप पाणी नेतात. एक स्वेरड्रुप म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर, आपल्या भाषेत साडेतीन कोटी क्युसेक. रिकामं कोयना धरण पन्नास मिनिटांत भरेल. जगातल्या सगळ्या नद्या मिळून सव्वा स्वेरड्रुपच्या आसपास भरतात, तर ३०-४० म्हणजे बघ. पण मग पुढच्या लोकांनी जास्त कडक कसोटी लावली, की खरंच आत अडकून राहिलेलं, अजिबात गळती न झालेलं पाणी किती? २०१८ ला अबरनेथी आणि हॅलर यांनी पूर्व पॅसिफिकच्या पृष्ठभागावरच्या भोवऱ्यांसाठी हे तपासलं, तर उत्तर-दक्षिण पाणी पसरण्यात अशा घट्ट मोटांचा वाटा एक टक्क्याहून कमी निघाला. बाकीचं सगळं काम केलं ढवळण्यानं.

माझं मत विचारशील तर खरं काम ढवळण्याचंच आहे. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना गुळव्या फावडं फिरवतो, तो रस उचलून कुठं नेत नाही, पण फावड्याच्या मागं रसाची एक लांबलचक रेघ ओढली जाते, ती दुमडते, परत ओढली जाते, आणि बघता बघता इकडचा रस तिकडं गेलेला असतो. भोवऱ्यांच्या मध्ये असंच होतं. एका बाजूचं पाणी लांब दोरीसारखं खेचलं जातं, शंभर किलोमीटर लांब आणि पाच-दहा किलोमीटर रुंद, मग दुमडून आणखी बारीक होतं आणि शेवटी मिसळून जातं. समुद्र हे ढवळणं एकाच घनतेच्या थरावर करतो, आडवं, कारण वरखाली करायला जास्त जोर लागतो. मेडीसारखी खोलातली भिंगं हा अपवाद आहे, ती खरंच घट्ट असतात, म्हणून तर पुस्तकात त्यांचंच चित्र असतं.

ढवळण्याचं महत्त्व बघायचं तर अंटार्क्टिकाभोवतीचा महासागर. तिथं प्रवाह पश्चिमेकडनं पूर्वेकडं अख्ख्या पृथ्वीला वळसा घालतो, ड्रेक पॅसेजच्या (दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली सामुद्रधुनी) अक्षांशाला वाटेत जमीनच नाही. किनाऱ्याची भिंत नसली की पाण्याला दाबाचा टेकू मिळत नाही, आणि टेकू नसेल तर सरळ दक्षिणेला सलग प्रवाह वाहू शकत नाही. तरी खोलातलं उबदार पाणी दक्षिणेला अंटार्क्टिकाच्या बाजूला पोचतंय. नेतं कोण? भोवरेच. २००९ ला ब्रिटिश-अमेरिकन टीमने ड्रेक पॅसेजच्या बऱ्याच अलीकडं, पश्चिमेला, दीड किलोमीटर खोलीवर एक रसायन सोडलं, ट्रायफ्लुओरोमिथाइल सल्फर पेंटाफ्लोराइड, नाव घेताना जीभ अडखळते, सगळं मिळून ७६ किलो. निसर्गात ते नसतंच, त्यामुळं नंतर कुठल्याही बाटलीत कणभर सापडलं तर ते आपलंच. पुढची काही वर्षं जहाजं जाऊन नमुने घेत राहिली आणि ते आडवं किती पसरलं आणि उभं किती यावरनं भोवऱ्यांचं काम मोजलं गेलं. मला हा प्रयोग फार आवडतो. हळदीची चिमूट दुधात टाकून बघत बसावं तसा आहे, फक्त पातेलं हजारो किलोमीटरचं.

दोन ठिकाणं पटकन सांगून सोडते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला आपल्या हिंदी महासागराचा अगुल्हास प्रवाह अटलांटिकच्या तोंडाशी जाऊन परत मागं वळतो, आणि वळताना दोन-तीनशे किलोमीटर रुंदीची मोठी कडी, म्हणजे गोल भोवरे, सोडतो, वर्षाला चार ते सहा. हिंदी महासागराचं उबदार खारट पाणी अटलांटिकला मिळतं त्यात या कड्यांचा मोठा हात आहे. आणि ब्राझीलच्या किनाऱ्याला बरोबर उलटं, तिथं उत्तर अटलांटिकचं खोल थंड पाणी दोन-तीन किलोमीटर खोलीवर किनाऱ्याला लागून दक्षिणेला वाहतं, पाठ्यपुस्तकात सलग जाड रेघ काढलेली असते. २००४ ला 'नेचर'मध्ये आलं की ८ अंश दक्षिण अक्षांशाजवळ ही रेघ तुटते आणि पुढं पाणी भोवऱ्याभोवऱ्यांनीच जातं. म्हणजे तिथपर्यंत पाट आणि पुढं मोट. तुमच्या पुस्तकात अजून सलग रेघ असेल, पेन्सिलने तिथं गोल गोल काढून ठेव.

मेडी मरतो कसा हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. काही झिजून जातात. बरेच पाण्याखालच्या डोंगरांवर आपटून फुटतात. शेरॉनसारखे मधल्या वाटेनं गेलेले नशीबवान.

आता करून बघायचं असेल तर. एक काचेचा ग्लास, खाली मिठाचं कडक पाणी, वर साधं पाणी चमच्यावरनं हळू ओत म्हणजे थर राहतील. मग मध्यम खारट पाण्यात कोकमचं आगळ नाही तर शाई घाल आणि ड्रॉपरने बरोबर मध्ये सोड. ते ना वर जाईल ना खाली, मधल्या थरात चपटं पसरेल. हे झालं १००० मीटरला थांबलेलं पाणी, पण याच्यात फिरणं नाही. फिरणं बघायचं तर एखाद्या कुंभाराकडं जा, ज्याच्याकडं विजेचं चाक आहे आणि स्पीड अगदी कमी करता येतो. चाकावर मधोमध काचेचा गोल वाडगा, नीट सेंटरला, नाहीतर पाणी उडतं. चाक मिनिटाला दहा-बारा फेऱ्यांवर ठेव आणि मग वीस-पंचवीस मिनिटं काही करायचं नाही. चहा पी. सगळं पाणी वाडग्याबरोबर एकसारखं फिरायला लागलं की मगच शाईचा थेंब सोड. साध्या पाण्यात शाई ढगासारखी पसरते, इथं ती उभ्या पातळ पडद्यांसारखी राहील आणि एकमेकांभोवती गुंडाळली जाईल. घाई करून आधीच थेंब टाकलास तर नुसतं ढवळलेलं पाणी दिसेल आणि मला परत विचारशील की मॅडम, झालं नाही.